मैल ५२८० फुटांचाच का?

किलोमीटरची व्याख्या पाठ करावी लागत नाही, कारण हजार मीटर त्याच्या नावातच आहेत. मैलाचे तसे नाही. एक मैल म्हणजे आठ फर्लांग, १७६० यार्ड किंवा ५२८० फूट आणि मेट्रिक मापात १६०९.३४४ मीटर. यातला एकही आकडा सहज सुचण्याजोगा नाही आणि ज्यांनी ही कोष्टके शाळेत घोकली त्यांना ते कोणीतरी लहरीखातर ठरवले असावेत, असे वाटले असेल तर नवल नाही. गंमत अशी की, मैल या शब्दाचा मूळ अर्थही 'हजार' असाच आहे. हजाराचे नाव धारण करणारे माप ५२८० वर जाऊन कसे पोहोचले, याचे उत्तर रोमन सैनिकाची चाल, इंग्रज शेतकऱ्याचा नांगर आणि लंडनमधील बांधकामांविषयीचा एक कायदा, या तिन्हींचा माग काढल्यावरच मिळते.

सुरुवात रोमपासून करू. लॅटिन भाषेत हजाराला 'मिल्ले' म्हणत आणि लांबचे अंतर 'मिल्ले पासुस' या मापाने सांगत. पासुस म्हणजे एक पाय उचलल्यापासून तोच पाय पुन्हा जमिनीवर टेकेपर्यंतचे अंतर. आपल्या हिशेबाने ही दोन पावले झाली. रोमनांनी पासुसची लांबी पाच फूट धरली होती आणि त्यांचा फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे आजच्या फुटापेक्षा किंचित आखूड होता. त्यामुळे हजार पासुसांचा रोमन मैल ५००० रोमन फुटांचा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १४८० मीटरचा भरतो. कूच करणाऱ्या सैन्याच्या दृष्टीने हे माप फार सोयीचे होते, कारण एकाच पायाची टेकणी मोजत गेले की अंतराचा हिशेब आपोआप होत असे. साम्राज्याच्या रस्त्यांवर मैलामैलावर दगड उभारले गेले आणि इ.स.पू. २० मध्ये सम्राट ऑगस्टसने रोम शहराच्या मध्यवर्ती चौकात एक सोनेरी स्तंभ बसवला, जो या साऱ्या रस्त्यांचा आरंभबिंदू मानला गेला.

अनेकवचनात 'मिल्ले'चे 'मिलिया' होते. रोमनांशी व्यापाराने आणि लढायांनी संबंध आलेल्या जर्मानिक टोळ्यांनी हे अनेकवचनी रूपच उचलले आणि त्यातला पासुस हा भाग गळून पडला. उरला तो केवळ 'हजार', आणि तोही कशाचे हजार हे न सांगणारा. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'मील' असे दीर्घ ईकाराचे होते. पुढे साधारण पंधराव्या शतकापासून इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलत गेले, त्या लाटेत 'टीम'सारखा उच्चार असलेल्या शब्दाचा 'टाइम' झाला आणि 'मील'चा 'माइल'. मराठीने हा शब्द इंग्रजांकडून या बदलानंतर घेतला, म्हणून आपण मैल म्हणतो. अरबीने तो फार पूर्वी पूर्वेकडील रोमन जगातून घेतला होता, म्हणून अरबीत आणि फारसीमार्गे उर्दू-हिंदीत त्याचे 'मील' हे जुन्या स्वराचे रूप टिकून राहिले.

या शब्दाचे गणगोत मोठे आहे. दहा लाखांसाठीचा मिलियन हा शब्द इटालियन भाषेतील 'मोठा हजार' या अर्थाच्या रूपातून आला. मिलिमीटरमधील मिलि म्हणजे हजारावा भाग. याच मिल्लेची उकल करताना भाषाशास्त्रज्ञ त्याचा उगम आदि-इंडो-युरोपीय भाषेतील 'एक हजार' अशा जोडशब्दात शोधतात आणि त्या जोडशब्दाचा दुसरा भाग संस्कृत 'सहस्र' या शब्दातही आहे, असा बराच मान्य झालेला तर्क मांडतात. तो खरा असेल, तर सहस्र आणि मैल हे दूरचे का होईना, पण भाऊबंद ठरतात.

ब्रिटनमधून रोमन सत्ता पाचव्या शतकाच्या आरंभी गेली. मैल हे नाव तिथे रुजले, पण रोजच्या व्यवहारात त्याला फारसे काम नव्हते, कारण सामान्य माणसाची मोजमापे शेताभोवती फिरत होती. इंग्रज शेतकऱ्याचे खरे माप होते फर्लांग. जुन्या इंग्रजीत 'फुर्ह' म्हणजे नांगराचे तास, म्हणजे नांगरताना जमिनीत पडणारी चर, आणि 'लांग' म्हणजे लांब. एका तासाची लांबी म्हणजे फर्लांग. तिकडची जमीन जड, नांगर अवजड आणि त्याला जुंपलेले बैल चारपासून आठपर्यंत, त्यामुळे नांगर वळवणे हेच मोठे कष्टाचे काम असे. साहजिकच शेताच्या पट्ट्या लांबट आणि अरुंद आखल्या जात. बैल न थांबता जितके ओढू शकतील तितकी पट्टीची लांबी, म्हणजे एक फर्लांग. आणि अशी एक फर्लांग लांब व चार पोल रुंद पट्टी म्हणजे एक एकर, जी साधारणपणे एका दिवसात नांगरून होत असे. पोल हे त्या काळचे काठीचे माप होते आणि चाळीस पोलांचा एक फर्लांग होई.

आता पोल साडेसोळा फुटांचा. हे साडेसोळा कुठून आले? मापांच्या इतिहासकारांचा कयास असा की, पूर्वी पोल १५ फुटांचाच होता, पण तो फूट आजच्यापेक्षा मोठा होता. इ.स. १३०० च्या आसपास फूट आणि यार्ड यांची नवी प्रमाण लांबी ठरवली गेली, तेव्हा फूट एक अकरांश आखूड झाला. पोल मात्र आखूड करता येईना, कारण शेतांच्या हद्दी, खरेदीखते, सारा आणि वारसांच्या वाटण्या या सगळ्या पोलात नोंदलेल्या होत्या. राजाला फूट बदलणे शक्य होते. लोकांच्या जमिनी बदलणे शक्य नव्हते. त्यामुळे जुन्या १५ फुटांचे नव्या मापात साडेसोळा फूट झाले. चाळीस पोलांचा फर्लांग ६६० फुटांचा झाला आणि एकर ४३,५६० चौरस फुटांचा. मैलाच्या विचित्र आकड्याचे बीज या घटनेत आहे, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते.

मैलाचा प्रश्न पुढे आला तो असा. रोमन मैलात आठ 'स्टेडियम' असत; हे ग्रीकांकडून आलेले माप ६२५ रोमन फुटांचे होते. इंग्लंडमधील विद्वानांनी जुने ग्रंथ वाचताना स्टेडियमच्या जागी आपला फर्लांग घातला, कारण दोन्हींची लांबी जवळपास सारखी होती. त्यातून मैलात आठ फर्लांग हे समीकरण रूढ झाले. दुसरीकडे, मैलात ५००० फूट ही रोमन आठवणही शिल्लक होती आणि ती अनेकजण पाळत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या, कारण आठ गुणिले ६६० म्हणजे ५२८०. एक तर मैल वाढवायला हवा होता, नाही तर फर्लांग घटवायला.

निकाल लागला १५९३ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत. लंडनची वस्ती भराभर वाढत होती आणि तिला आळा घालण्यासाठी पार्लमेंटने शहराच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवी घरे बांधण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. तीन मैल म्हणजे नक्की किती, हे सांगितल्याशिवाय असा कायदा चालवणे अशक्य होते. म्हणून त्याच कायद्यात लिहिले गेले की मैल म्हणजे आठ फर्लांग, फर्लांग म्हणजे चाळीस पोल आणि पोल म्हणजे साडेसोळा फूट. मापशास्त्राचा विचार करून नव्हे, तर बांधकामे रोखण्याच्या गरजेपोटी मैलाची व्याख्या ठरली. फर्लांगाला धक्का लावला असता, तर देशभरातील जमिनीच्या नोंदी उलटसुलट झाल्या असत्या. मैलाला २८० फूट चिकटवल्याने कोणाचेच शेत कमी-जास्त होणार नव्हते. सैनिकाच्या पावलावर नांगराच्या तासाने केलेली ही मात होती. कायदा झाला तरी प्रांतोप्रांतीचे जुने, लांब-आखूड मैल लगेच नाहीसे झाले नाहीत. १६७५ साली जॉन ओगिल्बी याने चाकाच्या यंत्राने रस्ते मोजून जे नकाशे प्रसिद्ध केले, त्यांत कायद्याचा मैल वापरल्यामुळे तो लोकांच्या अंगवळणी पडायला मोठी मदत झाली.

मधल्या काळात, १६२० साली, एडमंड गुंटर या गणितज्ञाने मोजणीदारांसाठी एक साखळी तयार केली. ती ६६ फुटांची, म्हणजे चार पोलांची होती आणि तिला १०० कड्या होत्या. दहा साखळ्यांचा एक फर्लांग, ऐंशी साखळ्यांचा एक मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. शेतकऱ्याचे आडनिडे माप आणि दशमान पद्धतीचा हिशेब यांची इतकी सुबक सांगड क्वचितच घातली गेली असेल. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड असते, ती हीच साखळी. आणि ब्रिटनमधील रेल्वेमार्गांवरील ठिकाणे आजही मैल आणि साखळ्यांत नोंदली जातात.

साखळीचा एक धागा थेट महाराष्ट्रातील शेतापर्यंत येतो. ब्रिटिशांच्या काळात मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी झाली, तेव्हा एकराचे चाळीस गुंठे हे कोष्टक पक्के झाले. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. यातले ३३ फूट म्हणजे गुंटरच्या साखळीचा बरोबर अर्धा भाग, अर्थात दोन पोल. सातबाऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते, तरी बांधावरचे बोलणे एकर-गुंठ्यातच होते. आणि एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, म्हणजे एका आरच्या अगदी जवळचा असल्यामुळे या दोन पद्धतींत ये-जा करणे फारसे अवघडही जात नाही.

मैल हे नाव घेणाऱ्या सगळ्यांचा मैल एकच होता, असे मात्र समजू नये. आयर्लंडमध्येही मैलात आठ फर्लांग, म्हणजे ३२० पोलच होते, पण तिथला पोल २१ फुटांचा असल्यामुळे मैल २२४० यार्डांचा, म्हणजे दोन किलोमीटरहून थोडा अधिक भरत असे. प्रशियाचा मैल साडेसात किलोमीटरचा होता. स्वीडनचा मैल तर दहा किलोमीटरहून मोठा होता आणि मेट्रिक पद्धती आल्यावर स्वीडिश लोकांनी त्याला टाकून न देता बरोबर दहा किलोमीटरचा केला. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये आजही कोणी 'तीन मील' दूर आहे म्हणाले, तर ते ठिकाण तीस किलोमीटरवर असते. उत्तर युरोपात लॅटिन नाव गेले ते तिथल्या आधीपासून असलेल्या लांब पल्ल्याच्या मापांवर चढवले गेले, इतकाच याचा अर्थ.

अशा नामसाधर्म्याची सर्वांत महाग पडू शकली असती अशी गफलत ख्रिस्तोफर कोलंबसची. नवव्या शतकातील अल-फरगानी या खगोलशास्त्रज्ञाने पृथ्वीच्या परिघावरील एक अंश ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचा असल्याचे लिहिले होते. त्याचा मैल अरबी होता आणि रोमन मैलापेक्षा बराच लांब होता. कोलंबसने मात्र तो इटालियन, म्हणजे रोमन वळणाचा आखूड मैल समजून हिशेब केला. त्यामुळे त्याची पृथ्वी खऱ्या पृथ्वीपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने लहान झाली. त्यातच आशिया खंड पूर्वेकडे प्रत्यक्षापेक्षा फार दूरवर पसरला आहे, असा त्याचा समज होता. पश्चिमेकडून आशिया जवळच आहे, या त्याच्या खात्रीमागे ही दोन्ही कारणे होती. वाटेत अमेरिका खंड आडवे आले नसते, तर त्याच्याजवळचा शिधा आशियाच्या किनाऱ्यापर्यंत पुरणे शक्यच नव्हते.

सागरी मैल, ज्याला आपण नॉटिकल मैल म्हणतो, त्याचा जमिनीवरच्या मैलाशी नावापलीकडे संबंध नाही. दर्यावर्दी माणसाला आपली जागा अक्षांशात कळते. वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाची ६० मिनिटे धरली, तर पृथ्वीच्या परिघाची २१,६०० मिनिटे होतात. रेखावृत्तावरील अशा एका मिनिटाचे अंतर म्हणजे एक सागरी मैल. परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने भागाकार १.८५२ किलोमीटर येतो. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे हे मिनिट विषुववृत्तावर सुमारे १८४३ मीटरचे, तर ध्रुवांजवळ सुमारे १८६२ मीटरचे भरते. म्हणून १९२९ साली मोनाको येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने सरासरी काढून १८५२ मीटर हा आकडा निश्चित केला. नकाशावर कंपास टेकवून बाजूच्या अक्षांशपट्टीवर थेट अंतर वाचता येते, हा या मैलाचा मोठा गुण असल्याने जहाजे आणि विमाने यांनी किलोमीटरच्या युगातही त्याला सोडलेले नाही. भारताची प्रादेशिक समुद्रहद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांची आहे आणि कोकणातील मच्छीमारांच्या सभांमध्ये बारा मैलांच्या आत-बाहेर कोणी मासेमारी करावी यावरून जो वाद रंगतो, तो याच मैलांचा.

जमिनीवरच्या मैलाला शेवटी मेट्रिक पद्धतीनेच स्थैर्य दिले. अमेरिका आणि ब्रिटन यांचे यार्ड एकमेकांहून अतिसूक्ष्म प्रमाणात निराळे होते. १ जुलै १९५९ पासून इंग्रजी भाषक सहा देशांनी यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर असे ठरवले आणि त्यातून मैल १६०९.३४४ मीटरचा झाला. म्हणजे आजच्या मैलाची व्याख्या मीटरवर उभी आहे. तरीही अमेरिकेने एक अपवाद मागे ठेवला: भूमापनासाठी जुनाच फूट चालू राहिला. दोन्ही मापांनी मोजलेल्या मैलात फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, पण दूरच्या आरंभबिंदूपासून वीस लाख फुटांवरचे ठिकाण नोंदवायचे झाले, तर हाच फरक चार फुटांवर जातो आणि चार फुटांत हद्दीचे भांडण सहज मावते. तिथल्या सरकारी संस्थांनी हा भूमापन फूट २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे निवृत्त केला. जमिनीच्या नोंदींनी सोळाव्या शतकात मैल वाढवला होता. एकविसाव्या शतकातही त्यांनीच जुन्या मापाला इतका काळ धरून ठेवले.

अमेरिका मैल का सोडत नाही, याचेही एक कारण जमिनीतच आहे. १७८५ च्या जमीनविषयक वटहुकुमाने पश्चिमेकडील प्रदेश सहा मैल लांब व सहा मैल रुंद चौकोनांत आखायला सुरुवात झाली. प्रत्येक चौकोनाचे एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ भाग पाडले गेले. अमेरिकेच्या मध्य भागातील सपाट राज्यांवरून विमान जाते, तेव्हा खाली दिसणारी शेतांची आणि रस्त्यांची चौकट ही त्याच आखणीची आहे. गावे, रस्ते, शाळा सगळे मैलांच्या जाळ्यावर वसले असताना केवळ पाट्या बदलून काम भागणारे नाही.

आपल्याकडे मैल आला तो रस्ते आणि रेल्वे यांच्याबरोबर. मुंबईच्या फोर्टातील सेंट थॉमस चर्चपासूनची अंतरे रोमन अंकांत कोरलेले एकोणिसाव्या शतकातील दगड शहरात जागोजागी होते. त्यातले काही रस्त्यांच्या भरावाखाली गाडले गेले होते, ते अलीकडे पुन्हा वर काढून नीट करण्यात आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीचा प्रवास २१ मैलांचा होता. नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर आसपासच्या गावांची आणि हैदराबादसारख्या दूरच्या शहरांचीही अंतरे मैलांत कोरलेली आहेत. वजने व मापे यांच्याविषयीचा १९५६ चा कायदा झाल्यावर पुढच्या काही वर्षांत रस्त्यांवर किलोमीटरचे दगड आले, पण बोलण्यातून मैल गेला नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्याच्या ठरावीक टप्प्याची देखभाल करणाऱ्या कामगाराला आजही मैलकुली म्हणतात आणि गाडी लिटरमागे किती किलोमीटर धावते, या प्रश्नाला आपण बिनदिक्कत मायलेज म्हणतो.

इंग्रजी म्हणींमध्येही मैल पसरला आहे, मात्र त्यातल्या काही जागा त्याने नंतर बळकावल्या आहेत. इंच दिला तर मैल घेतो, अशा अर्थाची म्हण सोळाव्या शतकात नोंदली गेली तेव्हा तिच्यात मैल नव्हताच. इंच दिला तर 'एल' घेतो, असे ती म्हणत होती आणि एल हे कापडाचे ४५ इंचांचे माप होते. म्हणजे मूळ तक्रार आपल्या 'बोट दिले तर मनगट धरतो' इतक्याच पल्ल्याची होती. ठरल्याहून जास्त झटण्याला इंग्रजीत 'वरचा मैल चालणे' म्हणतात. हा वाक्प्रचार बायबलमधील मॅथ्यूच्या शुभवर्तमानातून आला आहे. कोणी तुला सक्तीने एक मैल चालायला लावले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, असे येशू तिथे सांगतो. रोमन सैनिकांना वाटेतल्या कोणाही माणसाला ओझे वाहण्यासाठी वेठीला धरता येत असे, हे माहीत असल्याशिवाय त्या वाक्यातली धार कळत नाही.

मैलाचे आणखी एक ठाणे मैदानावर आहे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत, मैल पूर्ण केला. १९९९ साली रोममध्ये मोरोक्कोच्या हिशाम एल गरूजने नोंदवलेला ३ मिनिटे ४३.१३ सेकंदांचा विक्रम हा पुरुषांच्या मैलाचा जागतिक विक्रम आहे, आणि मेट्रिक नसलेल्या अंतरांपैकी जागतिक विक्रम जपला जातो तो फक्त मैलाचा. बॅनिस्टरची धावपट्टी ४४० यार्डांची असल्याने चार फेऱ्यांत नेमका मैल होत असे. आजच्या धावपट्ट्या ४०० मीटरच्या आहेत; चार फेऱ्यांत १६०० मीटरच होतात, म्हणून मैलाच्या शर्यतीतील धावपटू अंतिम रेषेच्या ९.३४ मीटर मागे आखलेल्या वेगळ्या रेषेवरून सुटतात.